तिसऱ्या रांगेतला मफलर

दत्तजयंती बुधवारी होती, पण बर्मिंगहॅममध्ये दत्त रविवारी जन्मतो. हॉल त्याच दिवशी मिळतो आणि मंडळीही त्याच दिवशी मिळतात. एक मात्र इथं सोयीचं आहे. दत्तजन्म सूर्यास्ताचा, आणि डिसेंबरात सूर्य चारलाच मावळतो, त्यामुळं पाळणा हलवून, सुंठवडा वाटून, खुर्च्या रचून सहाच्या आत घरी येता येतं.

तरीही वैजयंतीच्या मनातून तो बुधवार काही जात नव्हता. खरी तिथी बुधवारची. दुपारी घरच्या देवाला दोन फुलं वाहायला या, एवढंच तिनं नवऱ्याला, माधवला, म्हटलं होतं. "बुधवारी क्लिनिक असतं, माहितेय ना तुला," म्हणून तो गळ्याभोवती करडा मफलर गुंडाळून निघून गेला. भूल देणाऱ्या डॉक्टरचं हे दर बुधवारचं नवीन क्लिनिक कुठून उपटलं, हे तिनं ऑक्टोबरपासून विचारलं नव्हतं. विचारायचा धीर होत नव्हता. कारण क्लिनिकमधून आलेला माणूस दमलेला असतो, करवादलेला असतो. हा मात्र वडिलांच्या, तात्यांच्या, कीर्तनातल्या जुन्या चाली गुणगुणत यायचा, आल्या आल्या दोन पोळ्या जास्त खायचा आणि मधेच कारण नसताना हसायचा.

"वहिनी, पन्नाशीतला पुरुष गुणगुणायला लागला ना, की बाईनं कान टवकारावेत," उत्सवाहून घरी परतल्यावर अलका भाजीत मीठ घालता घालता म्हणाली. अलका माधवच्या धाकट्या भावाची बायको. क्रॉयडनच्या इमिग्रेशनच्या सरकारी ऑफिसात लोकांच्या अर्जातल्या कहाण्या ऐकून ऐकून तिचा कशावरच विश्वास बसेनासा झाला होता. "मी म्हणते, एकदा हॉस्पिटलला फोन तर करा."

"आणि काय विचारू? माझा नवरा कुठं आहे म्हणून?"

"नाहीतर काय विचारणार? हवा कशी आहे म्हणून?"

वैजयंती हसली आणि पोळी लाटायला वळली. मघाशी तिनं पेटीवर बसून त्याच माणसाचं कीर्तन ऐकलं होतं. अनसूयेचं आख्यान. तिघा देवांची तान्ही बाळं झाली तिथं त्याचा आवाज असा काही ओला झाला की वॉलसॉलचा डेंटिस्ट तबल्यावर हात ठेवून नुसता बघत राहिला. वर्षातून एकदाच माधव कीर्तनाला उभा राहायचा. पण उभा राहिला की मिरजेच्या विष्णुबुवांचा मुलगा शोभायचा. तात्यांच्या साऱ्या खुणा त्याच्या अंगात होत्या. उपरण्याचं टोक करंगळी बाहेर ठेवून डाव्या खांद्यावर सारलं की पद आवरायचं. उजव्या खांद्यावर सारलं की लय वाढवायची. सासरी आल्यापासून वैजयंती त्या उपरण्याकडे बघत पेटी वाजवत आली होती. देवाच्या दारात एवढा खरा वाटणारा माणूस बुधवारी खोटं बोलतो? तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय जातोय थोडाच.

बाहेरच्या खोलीत भावाभावांची जुंपली होती. तीही जुनीच.

"पॉइंट गार्ड म्हणजे कीर्तनकार," माधव सोफ्यावरून सांगत होता. धोतर, वर स्वेटर, खांद्यावर अजून उपरणं. हीटर असूनही कपडे बदलायला तो उठला नव्हता. "बॉल त्यानं आणायचा, चाल त्यानं ठरवायची, आणि टाळ्या दुसऱ्याला मिळू द्यायच्या. मेडिकलला आमची टीम कशी खेळायची? तात्यांच्या खुणांवर! उपरणं कुठलं, नुसता हात खांद्याला लावायचा. उजवा खांदा, उजवीकडून चाल. डावा खांदा, डावीकडून. समोरच्यांना वाटायचं, याला घाम आलाय."

"दादा, तुझ्या वेळी समोरचेही घामच पुसत होते," शशिधर म्हणाला. "मुरमाचं ग्राउंड, कॅनव्हासचे बूट, तासाला चार बास्केट. आमच्या वेळी सांगलीला इंजिनिअरिंगचा पॉइंट गार्ड धावायचा. मी स्वतः बास्केट मारायचो. पास देत बसलो असतो तर मॅच संपून वसतिगृहाचं जेवण गार झालं असतं."

"मारायचास, आणि हरायचास."

"एक मॅच! फायनल! आणि ती का हरलो ते बोलू का?" शशिधर पुढं सरकला. "हा मनुष्य, वहिनी ऐका, हा मनुष्य इंग्लंडला निघायच्या आधी माझी फायनल बघायला आला. कडेला उभा राहून हात करायला लागला. मी वर बघितलं आणि बॉल गेला हातातून. परत बघतो तर दादा गायब! अर्ध्यातून निघून गेला. धाकट्या भावाचा खेळ बघवला नाही त्याला."

माधवनं सुंठवड्याची वाटी मांडीवर ओढली. दर वर्षी तो या ठिकाणी काही बोलायचा नाही, आणि दर वर्षी शशिधरचा संशय थोडा जाड व्हायचा.

"आता या घरातला तिसरा पॉइंट गार्ड बघू," शशिधर म्हणाला. "रश्मी, टेप लाव."

दारात उभ्या रश्मीचा चेहरा उतरला. युनिव्हर्सिटीचं तिसरं वर्ष, वीस वर्षांची पोर, पण बापासमोर अजून शाळेतल्यासारखी उभी राहायची. तिच्या टीमची कॅप्टन गुडघा मोडून बसली होती. कोचनं रश्मीला सांगितलं होतं, आता कॅप्टन तू, आणि जानेवारीत शेफील्डला स्टुडंट्सच्या नॅशनल टीमची ट्रायलही दे. सोमवारी उत्तर पाहिजे. बाबा 'हो' म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही असं रश्मीनं ठरवलं होतं. आणि बाबा 'नको'ला चिकटून बसला होता. का नको, ते मात्र सांगत नव्हता. उद्या सोमवार.

"काका, ती टेप काही चांगली नाहीये. Really. टीममधल्या जेनीच्या बॉयफ्रेंडनी काढलीय."

"चांगली-वाईट आम्ही ठरवू. लाव."

टेप लागली. लेस्टरविरुद्धची मॅच होती. कॅमेरा समोरच्या बाजूला उंचावर होता, त्यामुळं कोर्टही दिसत होतं आणि पलीकडच्या बाकांच्या खालच्या तीन रांगाही. तिसऱ्या रांगेतल्या माणसांची मुंडकी तेवढी चौकटीबाहेर राहिली होती. रश्मी बॉल घेऊन आली. वैजयंतीला खेळातलं फारसं कळत नव्हतं. पण पोर कशी चालते ते कळत होतं. घरात खांदे पाडून वावरणारी ही मुलगी तिथं कशी ताठ होती! बॉल जणू तिच्या तळव्याला बांधलेला. एक पोरगी अंगावर आली, दुसरी आली, आणि बॉल भलत्याच हातात पोचला. बास्केट.

"वा!" वैजयंतीच्या तोंडून गेलं.

"हात चांगला आहे," शशिधर म्हणाला. कौतुक करताना त्याला दात दुखल्यासारखं व्हायचं. "दादापेक्षा वेग आहे. माझ्यापेक्षा... असो. पण थांबा. मागं घ्या जरा. हे बघा. ही वर बघते."

"सगळेच बघतात," रश्मी पटकन म्हणाली.

"नाही. पॉइंट गार्डनं कोर्ट बघायचं. ही चाल टाकायच्या आधी बाकांकडे बघते. परत बघा. बघितलं? परत तिथंच. तिसरी रांग. कोण बसतं तिथं?"

अलका हात पुसत आली आणि टीव्हीच्या अगदी जवळ वाकली. "पुरुष आहे. काळा कोट, मफलर. तोंड नाही दिसत. कॉलेजातला मुलगा वाटत नाही हो, पोट आहे."

  नवऱ्याबद्दलचा संशय उराशी धरून बसलेल्या वैजयंतीला देवानं आता लेकीबद्दलचा दुसराही दिला.

"रश्मी," शशिधरचा आवाज बदलला, "कोण आहे हा?"

"कोणी नाही."

"कोणी नसलेल्या माणसाकडे प्रत्येक वेळी बघतेस?"

"काका, please."

"टीव्ही बंद करा," माधव म्हणाला. "भूक लागलीय."

"भूक नंतर. दादा, तुझी मुलगी आहे, तुला काही वाटत नाही? लग्न झालेला असला तर? म्हणूनच शेफील्डला जायचंय का? हॉटेलात?"

रश्मीचे डोळे भरले. पण ती रागावली नाही, पळालीही नाही. तिनं फक्त बापाकडे पाहिलं. माधव मांडीवरच्या सुंठवड्याच्या वाटीत बघत होता.

ते बघणं वैजयंतीला खुपलं. लेकीवर असा आळ येतोय आणि बाप वाटीत बघतो?

शशिधरनं टेप पुन्हा मागं नेली. रश्मी बॉल घेऊन आली, वर बघितलं. तिसऱ्या रांगेतल्या माणसानं मफलरचं टोक उचललं. आणि त्याच क्षणी वैजयंतीची नजर, का कोण जाणे, टीव्हीवरून सोफ्यावर गेली. माधवचा हातही उठला होता. उपरण्याचं टोक चिमटीत, करंगळी बाहेर. पडद्यावरचा मफलर डाव्या खांद्यावर गेला, सोफ्यावरचं उपरणं डाव्या खांद्यावर गेलं. उपरणं अर्धा श्वास आधीच.

तिला वाटलं, पेटीचा भाता कुणीतरी एकदम सोडला. ऑक्टोबरपासून छातीत कोंडलेला सगळा वारा निघून गेला. क्लिनिक नाही, बाई नाही, कुणी नाही. हा लेकीची मॅच बघायला जातो! तिला हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग संताप आला. कारण तो अजूनही गप्पच होता.

तिनं वाट पाहिली. आता बोलेल, आता बोलेल. अलका म्हणाली, "मी सांगते वहिनी, उद्याच युनिव्हर्सिटीत जाऊन..." तरी तो बोलला नाही.

"भावजी," वैजयंती म्हणाली, "टेप पुन्हा मागं घ्या. पण या वेळी टीव्हीकडे बघू नका. तुमच्या दादांकडे बघा."

टेप मागं गेली, पुढं आली. बिचारा माधव! त्यानं हात मांडीखाली घालायला हवा होता. पण पडद्यावर चाल दिसली की तो कुठला शुद्धीवर! उपरणं सर्रकन उजव्या खांद्यावर गेलं, आणि मागोमाग मफलरही.

अलकाचा आ वासला. शशिधर आधी टीव्हीकडे, मग भावाकडे, मग पुन्हा टीव्हीकडे बघत राहिला.

"बुधवारचं क्लिनिक," वैजयंती म्हणाली. "पेशंट एकच दिसतोय."

"हो," माधव म्हणाला. मान खाली होती, पण आवाज चढला. "हो, मीच. गंमत म्हणून गेलो पहिल्यांदा. पोरीनं वर बघितलं, माझा हात गेला खांद्याला. हिला लहानपणी तात्यांच्या खुणा सांगितलेल्या, तिनं ओळखल्या. जिंकल्या पोरी. मग दर बुधवारी जायला लागलो. तुला कुठल्या तोंडानं सांगू? परीक्षेच्या वर्षी खेळ कशाला म्हणून मीच घर डोक्यावर घेतलं होतं. आणि शशी, आता कळलं का नको म्हणतो ते? तुझी फायनल मी घालवली. तू वर बघितलंस आणि बॉल गेला, मी त्या पापाला घाबरून पळालो. आणि ही तर प्रत्येक चालीला वर बघते! शेफील्डला मी तिसऱ्या रांगेत नसलो तर काय करेल? सगळ्या देशासमोर तोंडावर पडेल. कॅप्टन कसली, ही माझी बाहुली आहे."

बाहुली हा शब्द लागल्यासारखा रश्मीनं ओठ चावला. तरी ती गप्प राहिली. आणि ते गप्प राहणं वैजयंतीला चमत्कारिक वाटलं. पोरीला वाईट वाटलं असतं तर ती रडली असती. ही तर काहीतरी लपवत होती, आणि तेही कुणाला तरी सांभाळून घेण्यासाठी. आत्ताच बघितलेली चाल वैजयंतीच्या डोळ्यापुढून पुन्हा सरकली. पेटीवाल्याची नजर एकदा खुणेवर असते आणि एकदा सुरावर. सूर कुठं गेला होता?

"अहो," ती हळूच म्हणाली, "आत्ता तुमचं उपरणं उजवीकडे गेलं. बॉल कुठं गेला?"

"उजवीकडे. आणखी कुठं?"

"भावजी."

शशिधरनं न सांगता टेप मागं घेतली. मफलर उजवीकडे. लेस्टरच्या मुली उजवीकडे धावल्या. बॉल डावीकडे गेला. पुन्हा. मफलर डावीकडे, लेस्टर डावीकडे, बॉल उजवीकडे. पुन्हा. पुन्हा.

"उलटं," अलका कुजबुजली.

माधव उठून टीव्हीसमोर उकिडवा बसला. धोतराचा सोगा कार्पेटवर लोळत होता. त्यानं स्वतः बटण दाबून टेप मागं घेतली, पुढं घेतली, आणि शेवटी थांबवली. चित्र थरथरत उभं राहिलं.

"पहिल्यापासून?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"नाही बाबा. पहिल्या मॅचला मी ऐकलं तुमचं. खरंच." रश्मी त्याच्या मागं येऊन बसली. "पण बाबा, everyone can see you. तुम्हाला वाटतं कोणाला कळत नाही. दहा मिनिटांत त्यांची कोच तुमच्याकडे बघायला लागते. मग त्यांची सगळी टीम. आता तर सगळ्या मिडलंड्सला माहिती आहे, बर्मिंगहॅमचा मफलरवाला. So मी उलटं करते. तुम्ही नसले तर आम्ही अर्ध्या मॅच हरलो असतो. मी सांगणार होते, but मॅचनंतर मला होस्टेलवर सोडताना तुम्ही इतके खूश असायचे गाडीत."

"म्हणजे मी इतके दिवस शत्रूला खुणा करत होतो."

"आमच्यासाठी."

शशिधरला हसू आवरेना. "दादा, तू माझी एक मॅच घालवलीस, तिनं तुझ्याकडून सगळ्या वसूल केल्या!"

माधव हसला नाही. उठला, उपरणं काढलं, नीट चौघडी करून देवाजवळ ठेवलं आणि जिना चढून वर गेला. जेवायलाही खाली आला नाही. खाली रश्मी आईच्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, आता सोमवारी मी काय सांगू? आता तर ते never हो म्हणणार."

 नवरा खोटं बोलला होता, लेकही खोटं बोलली होती, आणि दोघांचं खोटं एकमेकांच्या मायेपोटी होतं. दत्तापुढच्या समईत तेल घालताना तिनं एवढंच मागितलं: महाराज, याच्या मानाला फार लागू देऊ नका.

सकाळी ड्यूटीवर निघताना माधव दारात थांबला. "तिला म्हणावं, कोचला हो सांग."

"तुम्हीच सांगा की."

"मला नाही जमणार." बुटाची नाडी बांधायला तो खूप वेळ वाकून राहिला. "तात्या म्हणायचे, नारदाच्या गादीवर पोरगा उभा असला तरी बापानं आधी नमस्कार करायचा. माझ्या पहिल्या कीर्तनाला त्यांनी केला होता. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं नाटक आहे." मग सरळ होत म्हणाला, "जी बापाला तीन महिने फसवते, तिला शेफील्डच्या पोरी कुठल्या धरतायत!"

बुधवारी दुपारी मफलर खुंटीवरच होता. गाडी नव्हती.  जुना संशय किती चटकन उठून बसतो! तिनं शाल पांघरली आणि युनिव्हर्सिटीची बस पकडली.

माधव तिसऱ्या रांगेतच होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, पोरगा शिक्षा भोगतो तसा. ती शेजारी जाऊन बसली तरी त्यानं मान वळवली नाही. पुन्हा लेस्टरच होतं. त्यांची कोच, उंच, लाल केसांची बाई, वारंवार वर बघत होती आणि गोंधळत होती. गोंधळल्या नव्हत्या त्या तिच्या मुली. मफलर नाही म्हटल्यावर त्या सरळ रश्मीवर तुटून पडत होत्या. आता कॅप्टन झालेली रश्मी पास देत होती, पळत होती, आणि बर्मिंगहॅम मागं पडत चाललं होतं.

मध्यंतरात ती धावत कठड्यापाशी आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. "बाबा! मफलर कुठंय?"

"आता तू कॅप्टन आहेस. मी नाही मधे येणार."

"अहो पण त्यांना काहीतरी बघायला पाहिजे ना! We're losing!"

 माधवच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. ते हसू होतं की रडू, हे वैजयंतीला शेजारी बसूनही कळलं नाही. तिनं स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. जांभळी, बुट्ट्यांची.

"बायकांची आहे," तो पुटपुटला.

"लांबून छान दिसते."

"कुठल्या खांद्यावर घेऊ?"

"ते तिला विचारू नका, मला विचारू नका. तुम्ही आपलं कीर्तन करा."

शिट्टी झाली. रश्मी बॉल घेऊन आली. माधव ताठ बसला, करंगळी बाहेर ठेवून शालीचं टोक उचललं, आणि मिरजेच्या विष्णुबुवांनी सारलं असतं तसं झोकात डाव्या खांद्यावर सारलं. लाल केसांची कोच ओरडली. लेस्टरच्या मुली शालीकडे बघत होत्या. माधव लेकीकडे बघत होता. आणि रश्मी, वैजयंतीनं अगदी नीट निरखून पाहिलं, कुणाकडेच बघत नव्हती.